मार्क हेन्रीची ताकद खरीच होती

केबलवर रेसलिंग बघत वाढलेल्या पिढीला मार्क हेन्री आठवत असेल. ‘जगातला सर्वांत ताकदवान माणूस’ अशी त्याची ओळख करून दिली जायची. लढतींचे निकाल आधीच ठरलेले असतात हे पुढे कळलं, तेव्हा ही बिरुदावलीही बनावटच असणार, असं पुष्कळांनी गृहीत धरलं. हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

हेन्री टेक्ससमधल्या सिल्सबी गावचा. शाळेत असतानाच तो पॉवरलिफ्टिंगमध्ये चमकला. १९९० मध्ये टेरी टॉड या जाणकाराच्या नजरेत तो भरला आणि त्यांच्या सांगण्यावरून ऑस्टिनला जाऊन वेटलिफ्टिंग शिकू लागला. दोनच वर्षांत तो बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उतरला!

पॉवरलिफ्टिंग आणि वेटलिफ्टिंग एकच, हा तर सार्वत्रिक गैरसमज. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असतात. तिथे बार हळू वर आला तरी चालतं. वेटलिफ्टिंगमध्ये तो डोक्यावर न्यावा लागतो, स्नॅचमध्ये एका झटक्यात आणि क्लीन अँड जर्कमध्ये दोन टप्प्यांत. बार वर जात असतानाच क्षणार्धात त्याच्याखाली शिरायचं, म्हणजे ताकदीइतकीच चपळाई आणि खांद्यांची लवचिकता हवी. १९९५-९६ च्या सुमारास हेन्रीची डेडलिफ्ट ४१० किलो होती, स्नॅच १८० आणि क्लीन अँड जर्क २२० किलो. दोन्ही प्रकारांत इतक्या उंचीवर पोचलेली माणसं फार थोडी.

त्याला ऑलिंपिक पदक मिळालं होतं, असंही सांगितलं जातं. तसं नाही. बार्सिलोनात तो दहावा आला. १९९६ मध्ये अटलांटात पाठ दुखावली आणि तो चौदावा राहिला. पदकं मिळाली ती १९९५ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत.

आता ती बिरुदावली. ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ नावाची वेगळी स्पर्धा दरवर्षी होते, ती हेन्रीने कधीच जिंकलेली नाही. पण २००२ मध्ये ओहायोतल्या कोलंबस इथे पहिली अर्नोल्ड स्ट्राँगमन क्लासिक झाली, तेव्हा तो रेसलिंगमधून काही काळ बाजूला होऊन तयारीनिशी उतरला. एका फेरीत १६६ किलोचा जाड बार डोक्यावर न्यायचा होता. ऑलिंपिकच्या बारची टोकं फिरतात, त्यामुळे मनगटावरचा ताण कमी होतो. हा बार फिरत नाही आणि मुठीत नीट मावतही नाही. हेन्रीने तो तीनदा वर नेला आणि स्पर्धाही जिंकली. आदल्या वर्षीचा ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ स्वेंड कार्लसनही त्याच्या मागे राहिला. तिथे कोणताही निकाल आधी लिहिलेला नव्हता.

एवढा बळकट माणूस रेसलिंगमध्ये आला की लगेच राज्य करणार, हेही खरं नाही. मार्च १९९६ मध्ये तो ‘रॉ’ या रेसलिंगच्या टीव्ही कार्यक्रमात रेसलर जेरी लॉलरला डोक्यावर उचलताना दिसला. त्याच वर्षी दहा वर्षांचा करारही झाला. तरी २००० मध्ये त्याला पुन्हा शिकायला लुइव्हिलला पाठवलं गेलं. रँडी ऑर्टनला हरवून वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन व्हायला २०११ उजाडलं. बार खाली टाकून देता येतो, समोरचा माणूस टाकता येत नाही. त्याला आपटतानाही मान-पाठ सांभाळून खाली आणावं लागतं. लढत ठरवून केलेली असली, तरी चुकीच्या कोनात पडलं तर हाड मोडतंच.