शेफिल्डच्या घंटा आणि साताऱ्याचं गणित

इंग्लंडला शिकायला निघालेल्या मुलांच्या हातात दोन याद्या असतात. एक कागदपत्रांची, दुसरी बॅगेत भरायच्या सामानाची: छोटा कुकर, गोडा मसाला, मेतकूट, दोन स्वेटर, तापाच्या गोळ्या. रिकाम्या शनिवारी काय करायचं, याची यादी कोणी देत नाही. गेल्या सप्टेंबरात मी साताऱ्याहून शेफिल्डला एम. एस्सी. करायला आले, तेव्हा मलाही तिची गरज वाटली नव्हती. डोक्यावर बँकेचं शैक्षणिक कर्ज, त्याला तारण आमचं राहतं घर, कोर्स एका वर्षाचा. अभ्यास करायचा, नोकरी शोधायची, हप्ते फेडायचे. शनिवार रिकामा राहण्याचा प्रश्नच कुठे येतो?

पण तो राहतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. एका कॅफेच्या किचनमध्ये माझे बारा-चौदा तास जात. लेक्चर्सही आपल्याकडच्या कॉलेजसारखी सकाळ-संध्याकाळ नसतात. ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो. आमच्या फ्लॅटमध्ये सहा जण आणि सहा बंद दारं. उरलेला वेळ फोन खातो. घरी फोन केला की ‘मजेत आहे’ म्हणायचं, पलीकडून तेच ऐकायचं.

त्यात माझी एक वेगळी अडचण होती. लहानपणापासून मी ‘हुशार मुलगी’. म्हणजे काय, तर जे जमतं तेच करणारी. वक्तृत्वात नंबर येतो म्हणून वक्तृत्व केलं, धावण्यात येत नाही म्हणून मैदानावर गेलेच नाही. इथे वर्गात सगळेच कुठल्या ना कुठल्या गावचे हुशार. पहिल्या असाइनमेंटला ५८ मार्क पडले. इथल्या हिशोबाने ते बरे असतात, पण मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. तेव्हा जाणवलं, की आपल्याला एखादी गोष्ट न येण्याची सवयच नाही.

म्हणून एक नियम केला. वर्षभरात अशा तीन गोष्टी शिकायच्या, ज्या आपल्याला अजिबात येत नाहीत. प्रत्येकीला किमान दहा आठवडे द्यायचे. आणि खर्च कॅफेच्या पगारातून, कर्जाच्या पैशातून एक पौंडही नाही.

शेवटून पहिली

पहिली गोष्ट फुकटातली होती. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण मिळून पाच किलोमीटर धावले आणि त्यातून ‘पार्करन’ नावाचा उपक्रम उभा राहिला. आता इंग्लंडात शेकडो बागांमध्ये दर शनिवारी सकाळी नऊ वाजता तो होतो. एकदाच नाव नोंदवायचं, आपला बारकोड घेऊन जायचं. फी नाही, बक्षीस नाही. आयोजन करणारे सगळे स्वयंसेवक.

इथे आमच्या एंडक्लिफ पार्कात सत्तरीतले आजोबा, बाबागाडी ढकलत धावणाऱ्या आया, कुत्र्यासोबत पळणारे, सगळे असतात. मला सगळ्यात आवडली ती एक व्यवस्था. ‘टेल वॉकर’ म्हणून एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो. म्हणजे तुम्ही कितीही हळू असलात, तरी शेवटचा नंबर तुमचा नसतो. पहिल्या शनिवारी मला ४६ मिनिटं लागली आणि माझ्या मागे फक्त टेल वॉकर काकू होत्या. त्या मला साताऱ्याबद्दल विचारत होत्या. मला दम लागल्याने ‘हिल... फोर्ट...’ एवढंच सांगता आलं. आता मी ३४ मिनिटांवर आले आहे.

जात्यांच्या डोंगरावर

शेफिल्ड म्हणजे स्टीलचं गाव. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी इथे स्टेनलेस स्टील तयार केलं. आपल्या मांडणीतल्या डब्या-ताटांचं हे एका अर्थी आजोळच. पण आज तरुण मुलं इथे येतात ती डोंगरांसाठी. शहराला लागूनच पीक डिस्ट्रिक्ट आहे, १९५१ मध्ये जाहीर झालेलं ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्यामागेही एक लढा आहे. इथले माळ जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुण बंदी मोडून किंडर स्काउट या पठारावर चढले, त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. किंडरची उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण चालायच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेली माणसं त्यावर चढली आहेत, हे कळल्यावर मी उंचीची तुलना करणं सोडून दिलं.

माझी दुसरी गोष्ट प्रस्तरारोहण. अजिंक्यताऱ्यावर मी पायवाटेने शंभरदा गेले असेन, पण कड्याला हात लावला नव्हता. सुरुवात शहरातल्या क्लाइंबिंग वॉलवर झाली. भाड्याचे बूट धरून एका खेपेला दहा-बारा पौंड, म्हणून पंधरवड्यातून एकदाच. पहिला पूर्ण तास चढायला मिळतच नाही. दोराची आठच्या आकड्यासारखी गाठ मारायची, जोडीदाराची तपासायची, त्याने तुमची तपासायची. खालच्या माणसाने दोर कसा धरायचा ते शिकायचं. आधी दुसऱ्याला सांभाळायला शिका, मग वर जा, असा क्रम.

एप्रिलमध्ये स्टॅनेज एजला गेलो. रेल्वेने हॅदरसेज, तिथून चालत. काही किलोमीटर लांब पसरलेला खरखरीत दगडाचा कडा, हातांची सालटी काढणारा. कड्याखाली गवतात दगडी जात्याच्या मोठमोठ्या तळ्या पडलेल्या दिसल्या. इथे पूर्वी जाती घडवत. धंदा बसला तशी घडवलेली जाती जागेवरच राहिली. तेच जातं आज या उद्यानाचं बोधचिन्ह आहे. फोटो आजीला पाठवला. तिचा लगेच निरोप आला, ‘एवढं मोठं कोण ओढायचं गं?’ वारा आणि पाणी ओढायचं, हे तिला फोन करून सांगावं लागलं.

चढाई पंधरा मीटरही नव्हती. मध्यावर पाय थरथरायला लागले आणि मी खाली उतरवायला सांगितलं. दुसऱ्यांदा तिथेच. तिसऱ्यांदा वर पोचले. वर काहीही नव्हतं, गवत आणि मेंढ्या. पण आपण दोनदा सगळ्यांसमोर हरलो आणि कोणाला त्याचं काहीच वाटलं नाही, ही माझ्यासाठी मोठी बातमी होती.

सहा घंटा, सातशे वीस ओळी

तिसरी गोष्ट सांगितली तेव्हा आई फोनवर क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, ‘घर गहाण ठेवून तुला घंटा वाजवायला पाठवलंय का? घंटा तर आपल्या मारुतीच्या देवळातही आहे की!’

इंग्लंडमधल्या चर्चच्या घंटा हे प्रकरण वेगळं आहे. मनोऱ्यात प्रत्येक घंटा एका पूर्ण लाकडी चाकावर बसवलेली असते. दोर ओढला की ती तोंड वर करून जवळजवळ पूर्ण गिरकी घेते आणि पुन्हा उलट्या दिशेने तशीच. एका घंटेला एक माणूस. घंटा कित्येक मणांची. ताकदीने ती अडवता येत नाही, फक्त वरच्या टोकाला किंचित थांबवता किंवा लवकर सोडता येते. त्यामुळे तिच्यावर गाणं वाजवणं शक्य नसतं. मग या लोकांनी चारशे वर्षांपूर्वी वेगळीच वाट काढली: सूर सोडले आणि क्रम धरला. सगळ्या घंटा एकामागून एक वाजतात, आणि पुढच्या फेरीत प्रत्येकीला फार तर शेजारणीशी जागा बदलता येते. एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजवायचा नाही. या कलेवरचं पहिलं पुस्तक १६६८ मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या सहा वर्षं आधी छापलं गेलं.

सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५०४०. सातांचे सगळे वाजवायला साधारण तीन तास लागतात. आठांचे ४०,३२०. ते १९६३ मध्ये लफबरो इथे आठ जणांनी जागा न सोडता वाजवले, जवळजवळ १८ तास. आणि हे कागद बघून करायचं नाही, सगळं डोक्यात.

आमच्या विद्यापीठात हे शिकवणारा विद्यार्थ्यांचा गट आहे. तुमचा धर्म कोणी विचारत नाही. गटात नास्तिकही आहेत. शिकणं फुकट. अरुंद गोल जिन्याने वर जायचं, दोर गोलात लटकलेले, पकडायच्या जागी लाल-पांढऱ्या लोकरीची जाड गुंडाळी. पहिले सहा आठवडे मी एकटीच एका घंटेशी झगडत होते. शिकवणारा मुलगा शेजारी उभा, दोर हातातून निसटला की शांतपणे पकडायचा. ‘ओढू नकोस, तिची वाट बघ,’ हे त्याचं पालुपद. घंटेला इथे ‘ती’ म्हणतात. सुरुवात करताना पहिल्या घंटेवरचा माणूस आधी सावध करतो, मग सांगतो, ती निघाली, ती गेली. आणि मागोमाग सगळ्या.

एकदा मी त्यांना आमच्याकडच्या मेणवलीची गोष्ट सांगितली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत टांगल्या. त्यातली एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे. सगळे कान टवकारून ऐकत होते. संपल्यावर पहिला प्रश्न आला, ‘वजन किती?’

बाबांचा कागद

बाबा हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाले. ते आईसारखे रागावले नाहीत, पण गप्प होते, आणि त्यांचं गप्प राहणं मला जास्त लागलं. म्हणून एका रविवारी मी त्यांना नियम समजावून सांगितला. चार घंटा घ्या. १२३४. आता शेजारच्या जोड्या बदला, २१४३. मग मधल्या दोघी, २४१३. मग पुन्हा जोड्या, ४२३१. असंच पुढे ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४, आणि नवव्या ओळीला परत १२३४.

‘पण हे आठच झाले,’ बाबा म्हणाले. ‘चारांचे २४ व्हायला हवेत.’

‘बाकीचे काढून बघा ना.’

दोन दिवसांनी माझ्याकडे पहाटेचे साडेपाच असताना फोन वाजला. साताऱ्यात दहा वाजले होते. आवाजात ऐन वर्गातला उत्साह. ‘अगं, १३२४ ला पोचलं की मधल्या दोघी बदलायच्याच नाहीत. शेवटच्या दोघी बदल. १३४२ होतं, आणि पुन्हा आठ नवे मिळतात. परत तेच कर, आणखी आठ. झाले २४, आणि गाडी बरोबर १२३४ वर परत!’ ज्या पद्धतीची पुस्तकं इथले लोक साडेतीनशे वर्षं छापतायत, ती बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या हजेरीपटाच्या पाठीमागे शोधून काढली होती. मागून आईचा आवाज आला, ‘दोन दिवस जेवायला हाका मारतेय यांना.’

तेव्हापासून आमचे फोन बदलले. ‘जेवलीस का, अभ्यास झाला का’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. मी काय चुकते, कुठे अडते, हे मी त्यांना सांगते. याआधी घरी फक्त मार्क सांगायची सवय होती.

आता हिशोबाचं बोलते, कारण वाचणाऱ्या आईवडिलांना तोच प्रश्न पडणार. वर्षभरात या तिन्हींवर माझे दीडशे पौंडांच्या आत खर्च झाले, त्यातले जवळजवळ सगळे क्लाइंबिंगवर. आठवड्याचे पाच-सहा तास गेले. मार्क घसरले नाहीत, फार वाढलेही नाहीत. या छंदांमुळे नोकरी मिळाली असंही नाही. प्रबंध जमा करायचा आहे, अर्ज चालू आहेत, नकार येतायत. फरक इतकाच, की पहिला नकार आला तेव्हा मी दोन दिवस गप्प बसले नाही. त्या संध्याकाळी सराव होता, मनोऱ्यात पाच जण सहाव्या घंटेसाठी थांबले होते. मी गेले.

येत्या सप्टेंबरात जी मुलं इकडे येतील, त्यांना एवढंच सांगेन. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी मंडळांचा मेळा भरतो, तो चुकवू नका. आपल्या लोकांचं मंडळ असेल तर गणपतीला, दिवाळीला जरूर जा, पण एक तरी मंडळ असं निवडा जिथे तुम्हाला काहीच येत नाही आणि तुमच्या येण्याची कोणीतरी वाट बघेल. घरी त्याबद्दल लपवू नका. नियम समजावून सांगा. बाबा सध्या पाच घंटांवर आहेत. १२० ओळी. हजेरीपट संपत आलाय, नवीन वही आणायला सांगितली आहे.