लव्हाळ्याची गाठ आणि कॅन्सर

बालमित्रांनो, डहाणूच्या चिकूवाडीत किंवा तलासरीच्या शेतात तुम्ही कधी लव्हाळा उपटलाय का? वरची पाती सहज हातात येतात. पण जमिनीखाली एक छोटीशी काळी गाठ राहून जाते. थोड्याच दिवसांत बघावं, तर तिथून नवं हिरवं टोक डोकावतंय! लव्हाळा घालवायचा तर गाठच काढावी लागते.

जठराच्या कॅन्सरचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही असंच काहीसं म्हणतात. कसं ते पाहू.

आपल्या जठराचं आतलं अस्तर सारखं झिजतं आणि पुन्हा नवं होतं. नव्या पेशी तयार करण्याचं काम मूलपेशी करतात. कॅन्सरच्या गाठीतही अशा थोड्या मूलपेशी असतात, असं अनेक शास्त्रज्ञांचं मत आहे. १९९४ साली कॅनडातल्या जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या दाखवल्या. २००९ साली जठराच्या कॅन्सरमध्येही तशा पेशींची नोंद झाली.

केमोथेरपीची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. या मूलपेशी मात्र बऱ्याचदा सुस्त पडून असतात. शिवाय आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे सूक्ष्म पंपही त्यांच्याकडे असतात! म्हणून कधी कधी गाठ लहान होते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि दुखणं परत येतं.

मग कोणाला कोणतं औषध लागू पडेल, हे आधी कळेल का? थोडंफार कळतं. तोंडावाटे दुर्बीण घालून गाठीचा कण काढतात आणि तपासतात. त्यात ‘हर-टू’ नावाचं प्रथिन जास्त असेल, तर केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब दिल्यास पसरलेल्या कॅन्सरचा रुग्णही जास्त दिवस जगतो, हे २०१० साली दिसून आलं. मूलपेशींवरची ‘सीडी-४४’सारखी खूण पाहून अंदाज बांधण्याचं काम मात्र अजून प्रयोगांतच आहे.

पालकांनो, पोट सतत दुखतंय, वजन घटतंय, शौचाला काळी होतेय, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढे गरज पडली, तर परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून कॅन्सरवर उपचार करतंय. डहाणू लोकलने दादरला उतरलं, की ते जवळच आहे.

आणि मुलांनो, कॅन्सरचा रुग्ण जवळ बसल्याने कॅन्सर होत नाही. घरात आजी-आजोबा आजारी असतील, तर खुशाल त्यांच्याजवळ बसा, गप्पा मारा. त्यांना त्याची फार गरज असते.