१९६०च्या कायद्यात मदतकार्यकर्ता कुठे आहे?

१३ मे २०२४ रोजी गाझा पट्टीतल्या रफाह भागातून संयुक्त राष्ट्रांची एक गाडी युरोपियन रुग्णालयाकडे निघाली होती. गाडीवर संयुक्त राष्ट्रांची खूण होती. तरीही तिच्यावर मारा झाला आणि आत बसलेले पुण्याचे निवृत्त कर्नल वैभव काळे ठार झाले. लष्करातून बाहेर पडल्यावर ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू झाले होते. मदत पोहोचवणाऱ्यांच्या सुरक्षेची व्यवस्था पाहणे हेच त्यांचे काम होते. ऑक्टोबर २०२३मध्ये गाझात युद्ध पेटल्यापासून तिथे मारले गेलेले संयुक्त राष्ट्रांचे ते पहिले आंतरराष्ट्रीय कर्मचारी. त्यांचे दीडशेहून अधिक पॅलेस्टिनी सहकारी त्याआधीच गेले होते. १ एप्रिलला ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या अन्नमदत संस्थेचे सात जण अन्न उतरवून परतताना हवाई हल्ल्यात मारले गेले. आपण कोणत्या वाटेने जाणार हे त्यांनी इस्रायली लष्कराला आधी कळवले होते. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२४ या एका वर्षात जगभरात ३८३ मदतकार्यकर्ते मारले गेले. त्यांतले बहुसंख्य त्या त्या देशातलेच होते: ट्रकचे चालक, परिचारिका, गोदाम सांभाळणारे. त्यांची नावे परदेशी वर्तमानपत्रांत क्वचितच येतात.

अशा बातमीनंतर निषेध होतो, शोकसंदेश येतात आणि विषय तिथेच संपतो. माझे म्हणणे असे की या विषयाचा एक भाग आपल्या संसदेच्या हातात आहे आणि संसदेने तो साठ वर्षांहून अधिक काळ हातात घेतलेला नाही. भारताने १९४९चे चारही जिनिव्हा करार १९५०मध्ये स्वीकारले आणि १९६०मध्ये ‘जिनिव्हा करार अधिनियम’ केला. हा कायदा दुबळा नाही. संरक्षित व्यक्तीची हेतुपुरस्सर हत्या करणाऱ्याला तो फाशी किंवा जन्मठेप सांगतो आणि गुन्हा भारतात घडो वा भारताबाहेर, तो लागू होतो. अडचण आहे ती संरक्षण कोणाला, या प्रश्नाच्या उत्तरात. १९४९च्या करारांत रुग्णालये, डॉक्टर, परिचारिका आणि जखमींची वाहने यांचा उल्लेख नावानिशी आहे. १९३८मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. असे वैद्यकीय पथक आज निघाले तर त्याला या करारांत स्पष्ट जागा आहे. धान्य, पाणी आणि तंबू घेऊन जाणाऱ्यांना मात्र नावानिशी संरक्षण मिळाले ते १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ७१मध्ये, आणि तो प्रोटोकॉल भारताने आजवर स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपला १९६०चा कायदा मदतकार्यकर्ता म्हणून कोणाला ओळखतच नाही.

दुसरी उणीव कलम १७मध्ये आहे. सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कोणतेही न्यायालय या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. मारल्या गेलेल्याच्या कुटुंबाला, तो ज्या संस्थेसाठी काम करत होता तिला, थेट दारच नाही. १९६९मध्ये गोव्यातल्या फादर मॉन्तेरो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले: हा कायदा नागरिकाच्या हाती स्वतंत्र उपाय देत नाही, त्याचे संरक्षण अप्रत्यक्ष आहे. निकालाला अर्धशतक उलटून गेले, तरी संसदेने त्यावर काही केले नाही. तिसरी गोष्ट लहान वाटेल, पण ती रोज डोळ्यांसमोर आहे. रेडक्रॉसचे चिन्ह परवानगीशिवाय वापरणे याच कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे जास्तीत जास्त ५०० रुपये. आपल्या शहरांतले दवाखाने, औषधांची दुकाने, खासगी मोटारी पाहा. शांततेत ज्या खुणेचा कोणीही मान ठेवत नाही, ती युद्धात गोळी अडवेल अशी अपेक्षा कशी करायची?

यावर पहिला आक्षेप दिल्लीत हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. प्रोटोकॉल मान्य केले, अंतर्गत संघर्षाला या कायद्यात आणले, तर बंडखोरांना राजकीय मान्यता मिळेल. काश्मीर किंवा गडचिरोलीत परक्यांना बोलायला जागा मिळेल. ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही. पण चारही करारांत समान असलेले कलम ३ अंतर्गत संघर्षासाठीच आहे, भारत त्याला १९५०पासून बांधलेला आहे, आणि या तरतुदींमुळे कोणत्याही पक्षाच्या कायदेशीर दर्जात फरक पडणार नाही असे त्या कलमातच लिहिले आहे. शिवाय माझी मागणी प्रोटोकॉलवर सही करण्याची नाही. आपल्याच कायद्यात आपल्याच संसदेने दुरुस्ती करावी, एवढीच ती आहे. त्यात सार्वभौमत्वाला धक्का कुठे बसतो?

दुसरा आक्षेप असा, की मदतीच्या आडून शस्त्रे जातात, रुग्णालयांत अतिरेकी लपतात. तसे घडू शकते, आणि करार लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. चौथ्या कराराच्या कलम २३नुसार मदतीच्या मालाची तपासणी करता येते. रुग्णालयाचा वापर शत्रूला इजा करण्यासाठी झाला तर त्याचे संरक्षण जाते. मात्र आधी इशारा द्यावा लागतो आणि योग्य तिथे वाजवी मुदतही. म्हणजे गैरवापरावर इलाज कायद्यातच आहे. तो वापरला नाही तर काय होते ते पाहा: ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदुझच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला, ४२ जण मेले. ते रुग्णालय चालवणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ने त्या इमारतीचे अक्षांश-रेखांश आधीच कळवले होते.

लष्कराचे हात बांधले जातील, हा तिसरा आक्षेप नाशिकला तरी पटू नये. देशाचे तोफची नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना विद्यालयात घडतात. भारतीय लष्कर आपल्या अधिकाऱ्यांना युद्धाचे नियम शिकवते, आणि कुठे मारा करायचा नाही हे कळणे हा तोफचीच्या कौशल्याचाच भाग आहे. त्याच नाशिकमध्ये १९९८पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातले डॉक्टर आणि परिचारिका त्याची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतले काही उद्या कोणत्यातरी युद्धक्षेत्रात काम करतील. त्यांच्यासोबत औषधांचा ट्रक चालवणाऱ्याला त्यांच्याइतकेच संरक्षण असायला हवे.

मनात आणले तर विधिमंडळे हे करू शकतात. डॉक्टरांवर हल्ले वाढले तेव्हा महाराष्ट्राने २०१०मध्ये स्वतंत्र कायदा केला. करोनाकाळात, एप्रिल २०२०मध्ये, केंद्राने आधी अध्यादेश काढला आणि मग साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. मे २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मदतकार्यकर्त्यांच्या संरक्षणाचा २७३० क्रमांकाचा ठराव १४ मतांनी मंजूर केला. विरोधात एकही मत नव्हते. आता १९६०च्या कायद्यात मदतकार्यकर्त्याची स्पष्ट व्याख्या यावी, समान कलम ३चा भंग हा गुन्हा ठरावा, सरकारने तक्रार नाकारली तर त्याची कारणे लेखी द्यावीत, आणि चिन्हाच्या गैरवापराचा दंड आजच्या काळाला साजेसा व्हावा. लोकसभेत शुक्रवारची दुपार खासगी विधेयकांसाठी राखीव असते. नाशिक जिल्ह्याचे मतदार नाशिक, दिंडोरी आणि धुळे अशा तीन मतदारसंघांत विभागलेले आहेत. आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि १९६०च्या या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक ते मांडणार का, हे विचारा.