स्क्रीनवरचा रामा आणि कापडावरचा रामा

सुरतच्या साडीबाजारात रामा हा रोजच्या ऑर्डरीतला रंग आहे. हिरवा आणि निळा यांच्या मधला, चटकन नजरेत भरणारा. साध्या मॉनिटरवर नेमका हाच रंग मार खातो. संगणकाच्या बहुतेक स्क्रीन एसआरजीबी या मोजमापावर बेतलेल्या असतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते १९९६ मध्ये मांडलं, त्या काळच्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरांसाठी. हिरव्या-निळ्याच्या पट्ट्यात त्याची कक्षा फार तोकडी आहे. छपाईयंत्रातली शुद्ध सायन शाईसुद्धा तिच्यात पूर्ण बसत नाही. त्यामुळे कापडावर उमटू शकणारा रंग डिझाइन करणाऱ्याला स्क्रीनवर दिसतच नाही आणि तो अंदाजाने काम करत राहतो.

लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा हा सुरतचा मराठी पट्टा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आलेली कुटुंबं इथे स्थिरावली. घरात अहिराणी आणि कामाच्या ठिकाणी गुजराती-हिंदी असा इथला व्यवहार. मोठ्यांचे हात लूमवर आणि प्रोसेसिंग मिलमध्ये चालले. आता याच वस्तीतली तरुण मंडळी साडीचा पदर, बुट्टा, काठ संगणकावर काढतात. चांगला मॉनिटर घ्यायची वेळ येते, तेव्हा लाखाच्या पुढे जाऊ शकणाऱ्या या खरेदीचा सल्ला बहुधा दुकानदाराकडून मिळतो. गैरसमजांची सुरुवात तिथेच होते.

पहिला गैरसमज फोर-केचा. फोर-के घेतला की रंग सुधारतो, असं सर्रास सांगितलं जातं. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, एवढंच. २७ इंची स्क्रीनवर ते इंचाला सुमारे १६३ पडतात, तर २४ इंची फुल एचडीवर सुमारे ९२. बारीक जाळी, कलमकारीची रेघ, फुलाच्या पाकळीची कड तपासताना याचा फायदा मोठा आहे आणि डोळ्यांनाही आराम मिळतो. पण ठिपक्यांची संख्या आणि ठिपक्याचा रंग यांचा एकमेकांशी संबंध नाही. फोर-के असूनही रंगात कच्चा असलेला मॉनिटर बाजारात सहज मिळतो.

मग येते टक्केवारी, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त फसगत याच आकड्यांत होते. एका खोक्यावर ‘७२ टक्के’ असतं, दुसऱ्यावर ‘१०० टक्के’, आणि ग्राहक दुसरं खोकं उचलतो. प्रश्न विचारायचा तो असा: टक्के कशाचे? पहिला आकडा एनटीएससी या १९५३ च्या अमेरिकी टीव्ही मोजमापाचा असेल आणि दुसरा एसआरजीबीचा, तर दोन्ही स्क्रीन जवळपास सारख्याच निघतात. स्वस्त लॅपटॉपवर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. तो रंगकामासाठी घेऊच नये. ‘१२५ टक्के एसआरजीबी’ हा आकडाही जपून वाचावा. तो कक्षेचं क्षेत्रफळ सांगतो. ती कक्षा हव्या त्या रंगांवर पसरली आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

सर्जनशील कामासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉनिटरांवर ‘डीसीआय-पीथ्री’ची जाहिरात ठळक असते. हे मोजमाप चित्रपटगृहातल्या प्रक्षेपणासाठी तयार झालं. लाल-केशरीकडे ते चांगलंच पसरतं, पण रामा आणि फिरोजीच्या दिशेने त्याची मजल कमी पडते. त्या बाजूला ॲडोबीने १९९८ मध्ये आणलेलं ॲडोबी आरजीबी पुढे जातं, कारण छापील शाईचे रंग सामावून घेण्यासाठीच ते आखलं होतं. व्हिडिओ संपादकाने पीथ्री पाहावं. साडीच्या डिझायनरने मात्र ‘ॲडोबी आरजीबी ९९ टक्के’ अशी ओळ शोधावी. एकाचा उत्तम मॉनिटर दुसऱ्यासाठी उत्तम असेलच असं नाही.

‘१०७ कोटी रंग’ या दाव्यानेही गोंधळ होतो. दहा बिटांचा मॉनिटर तेवढ्या छटा मोजू शकतो आणि आठ बिटांचा सुमारे १ कोटी ६७ लाख. ही संख्या छटांच्या पायऱ्यांची आहे. पायऱ्या वाढल्या की छायेतून उजेडाकडे जाणारा रंग पट्टे न पडता सरकतो. ओम्ब्रे साडीच्या कामात हे खरोखर उपयोगी पडतं. मात्र त्यामुळे रंगांची कक्षा रुंदावत नाही.

‘फॅक्टरीतच कॅलिब्रेट होऊन आलाय, आता काही करायला नको’ हाही लाडका समज. मॉनिटरसोबतच्या कागदावर डेल्टा ई दोनपेक्षा कमी असल्याचं छापलेलं असतं. डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि दिसणारा रंग यांतलं अंतर. बहुधा तो आकडा अनेक रंगांची सरासरी असतो, त्यामुळे एखादा रंग बराच चुकलेला असूनही कागद स्वच्छ दिसतो. शिवाय बॅकलाइट वापराने बदलत जातो. महिन्या-दोन महिन्यांनी स्क्रीनवर रंगमापक ठेवून मोजणी करावी लागते. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटची उपकरणं यासाठी मिळतात. आयझोच्या कलरएज सीजी मालिकेत हा मापक मॉनिटरच्या चौकटीतच बसवलेला असतो. बजेट अपुरं असेल, तर एक पायरी खालचा मॉनिटर आणि सोबत मापक ही जोडी, मापकाशिवायच्या महागड्या मॉनिटरपेक्षा केव्हाही सरस.

सर्वांत मोठा गैरसमज असा की महाग मॉनिटर आला की कापड स्क्रीनसारखंच छापून येईल. आधी छपाई कुठली, ते पाहायला हवं. रोटरी किंवा टेबल छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी जाळी असते आणि रंगाची पेस्ट मिलच्या कलर किचनमध्ये घोटली जाते. तिथे डिझायनरची फाइल कुठला रंग कुठे पडेल एवढंच सांगते. मॅचिंग ठरतं ते कापडाच्या तुकड्यावरून. अशा कामाला ॲडोबी आरजीबीचा मॉनिटर घेणं म्हणजे पैसे अडकवणं. डिजिटल छपाईत गोष्ट याच्या उलट असते. फाइलमधले आकडेच शाईचं प्रमाण ठरवतात, त्यामुळे तिथे स्क्रीनच्या अचूकतेला खरी किंमत येते.

त्यातही सुरतच्या पॉलिस्टरवर होणाऱ्या सब्लिमेशनची एक खुबी आहे. डिझाइन आधी कागदावर छापतात आणि मग साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलेल्या प्रेसमधून रंग कापडात उतरवतात. कागदावर मंद वाटणारा रंग कापडावर खुलतो. म्हणून मॉनिटरवर खरा अंदाज यायचा, तर त्या यंत्राचं, त्या शाईचं आणि त्या कापडाचं प्रोफाइल, म्हणजे तिथे रंग कसा उमटतो हे सांगणारी फाइल, छपाई युनिटकडून मागून घ्यावं लागतं. प्रोफाइल नसेल, तर कितीही भारी स्क्रीन अंदाजच दाखवते. फ्लुरोसंट शाईचा राणी गुलाबी आणि जरीची चमक मात्र कुठलाच मॉनिटर दाखवू शकत नाही. फ्लुरोसंट रंग न दिसणारे अतिनील किरण शोषून ती ऊर्जा दृश्य प्रकाशात परत देतो, आणि जरीचा भास बघण्याच्या कोनावर ठरतो. त्यासाठी तुकडा छापूनच पाहावा.

उजेडाकडेही दुर्लक्ष होतं. दोन कापडं ट्यूबलाइटखाली एक दिसतात आणि उन्हात वेगळी पडतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. दुकानातला आणि दिवसाचा उजेड आलटून पालटून दाखवणारी लाइट बॉक्स त्याकरताच असते. खोलीत खिडकीचा झोत स्क्रीनवर पडत असेल, समोरची भिंत गुलाबी असेल, तर मॉनिटरचा दोष नसतानाही डोळा चुकतो. छपाईच्या कामाला स्क्रीनची प्रखरता ८० ते १२० निट्सच्या दरम्यान पुरते. जाहिरातीतले ४०० निट्स तसेच ठेवले, की डिझाइन स्क्रीनवर उजळ भासतं आणि कापडावर काळवंडतं. १४४ हर्ट्झचा वेग खेळांसाठी आहे. स्थिर डिझाइनला तो काही देत नाही. ओएलईडीचा काळा रंग सुंदर असतो, पण सॉफ्टवेअरच्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी राहिल्या तर त्यांचा ठसा पॅनेलवर उरण्याचा धोका असतो.

मंजुरी व्हॉट्सॲपवर येते, ही अडचण खरी आहे. शेठच्या फोनचा ‘विविड’ मोड आणि रात्रीचा पिवळा प्रकाश मिळून रंग बदलून टाकतात. पाठवायचं चित्र एसआरजीबीत रूपांतरित करून पाठवलं, तर निदान आपल्या बाजूची चूक टळते. अंतिम होकार मात्र छापलेल्या तुकड्यावरच घ्यावा.

खरेदीला जाताना आपली फाइल पेनड्राइव्हवर न्यावी. दुकानातला मॉनिटर डेमो मोडमध्ये असतो, तो ॲडोबी आरजीबी मोडवर आणून किमान अर्धा तास तापू द्यावा. मग पूर्ण स्क्रीनभर सपाट राखाडी रंग लावून कोपरे पिवळट किंवा गुलाबी पडतात का ते बघावं, कारण साडीची एकरंगी जमीन तपासताना हाच दोष सर्वांत जास्त छळतो. मृत ठिपक्यांवर वॉरंटी आहे का आणि किती ठिपक्यांपासून ती लागू होते, हे बिल करण्याआधी लेखी विचारावं.