मुद्रा, दस्तक आणि देशप्रवेशाचे अधिकारी

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील चौतिसावा अध्याय इतका लहान आहे कीं, शुल्काध्यक्ष किंवा सीताध्यक्ष यांच्या प्रकरणांवर पानेंच्या पानें लिहिणारे अभ्यासक त्याच्यावरून सहसा एका वाक्यांत पुढें जातात. १९०५ सालीं म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांच्या हातीं या ग्रंथाची ग्रंथलिपींतील ताडपत्राची प्रत आली. १९०९ सालीं मूळ छापलें गेलें आणि १९१५ सालीं इंग्रजी भाषांतर निघालें. त्या भाषांतरामुळें या अध्यायांतील मुद्राध्यक्षास ‘पासपोर्टांचा अधीक्षक’ हें नांव मिळालें व तें रूढ झालें. नांव अगदींच अयोग्य आहे असें नाहीं. परंतु त्यापायीं असा समज पसरला कीं, सीमेवरील सगळा कारभार त्या काळीं एकाच अधिकाऱ्याच्या हातीं होता. मुद्रा तोच देई, तोच तपाशी, माल तोच उघडी आणि परदेशीयावर नजरही तोच ठेवी. आजच्या विमानतळावरील अधिकाऱ्याविषयींही लोकांचा समज नेमका असाच आहे. दोन्ही ठिकाणीं तो खरा नाहीं, म्हणून मूळांत काय आहे तें नीट पाहिलें पाहिजे.

अध्यायाचा आशय असा: मुद्राध्यक्षानें एक माषक घेऊन मुद्रा द्यावी. जवळ मुद्रा असेल त्यासच जनपदांत येण्याची किंवा जनपदाबाहेर जाण्याची मोकळीक. जनपदांतील रहिवासी मुद्रेवांचून सांपडला तर त्यास बारा पण दंड. मुद्रा खोटी निघाली तर पूर्वसाहसदंड, म्हणजे तिसऱ्या अधिकरणांतील मानाप्रमाणें ४८ पासून ९६ पणांपर्यंत. आणि ती बाळगणारा परमुलखांतला असेल तर उत्तमसाहसदंड, म्हणजे ५०० पासून १००० पणांपर्यंत. सोळा माषकांचा एक पण धरला तर बारा पणांचे १९२ माषक होतात. एका माषकाची वस्तु न घेणाऱ्यास १९२ माषकांचा दंड! राजास मुद्रेच्या विक्रीचें उत्पन्न नको होतें; कोण आला, कोण गेला हें त्यास कळावयास हवें होतें, असें अनुमान यावरून करण्यास हरकत नाहीं.

यापुढील विधान मात्र बहुतेक वाचकांच्या नजरेंतून निसटतें. मुद्रा पाहावयाची ती विवीताध्यक्षानें, मुद्राध्यक्षानें नव्हे. विवीत म्हणजे गुरचराईची मोकळी जमीन, दोन वस्त्यांमधील राखीव रान. देणारा एक आणि पाहणारा दुसरा, अशी ही योजना आहे. देणारा व पाहणारा एकच असता तर खोटी मुद्रा कधींच उघडकीस आली नसती. हिशेब लिहिणारा व तपासणारा एक नसावा हें ज्या ग्रंथकारास पुरतें ठाऊक होतें, त्यानें ही विभागणी सहज केली असेल असें मला वाटत नाहीं.

शिवाय विवीताध्यक्ष हा केवळ अडविणारा अधिकारी नव्हे. जेथें पाणी नाहीं तेथें विहिरी व बंधारे करावे, फुलाफळांच्या बागा लावाव्या, चोर किंवा शत्रु येतांना दिसल्यास शंख-दुंदुभींनीं इशारा द्यावा, शत्रूच्या हालचालींची वार्ता पाळीव कबुतरांकरवीं अथवा धूर व अग्नि यांच्या परंपरेनें राजास पोंचवावी, आणि व्यापाऱ्यांचे तांडे सुरक्षितपणें पार करावे, हीं सर्व त्याचीं कामें आहेत. ज्याच्यापुढें प्रवाशानें मुद्रा दाखवावयाची, त्यानेंच प्रवाशाच्या पाण्याची व जिवाची काळजी वाहावयाची.

इतर कामें कोठें वांटलीं गेलीं आहेत तेंही याच अधिकरणांत सांपडतें. सीमेवर अंतपाल असतो. तो मालाच्या वाहनामागें सव्वा पण वर्तनी घेतो आणि तिच्या मोबदल्यांत वाटेंत हरवलेला किंवा चोरीस गेलेला माल भरून देण्याची जबाबदारी पत्करतो. परदेशी सार्थ आला म्हणजे त्याचा भारी व हलका माल पाहून, त्यावर ओळखीची खूण व मुद्रा करून, तो शुल्काध्यक्षाकडे रवाना करतो. शुल्काध्यक्षाची शाळा नगराच्या महाद्वाराजवळ, ध्वज लावलेली. तेथें चार-पांच लेखक कोण आला, कोठून आला, माल किती, त्यावर मुद्रा कोठें झाली, हें लिहून घेतात. येथील मुद्रा मालावरची आहे, माणसाची नव्हे. मालाची मुद्रा नसेल तर शुल्काच्या दुप्पट आणि खोटी असेल तर आठपट दंड. चौतिसाव्या अध्यायांतील दंड माणसास आहेत, एकविसाव्यांतील मालास. हे दोन अध्याय एकत्र कालवून ‘प्राचीन भारतांतील पासपोर्ट’ अशा मथळ्याखालीं सादर करण्याची जी पद्धत पडली आहे, ती सोडून दिलेली बरी.

माणूस आंत आल्यावर पुढें काय? नगरांत गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांची मोजदाद असे. धर्मशाळेच्या चालकांनीं पाखंडी व वाटसरू यांस आधीं कळवून मगच उतरवून घ्यावें. गृहस्थानें घरीं आलेल्याची व घरून गेलेल्याची वर्दी द्यावी. न दिल्यास त्या रात्रीं जो गुन्हा होईल त्याचा दोष त्याच्यावर, आणि रात्र निर्विघ्न गेली तरी तीन पण दंड. समाहर्त्याचे गृहस्थवेषधारी हेर प्रवाशाच्या येण्याजाण्याचें कारण काढीत. मेगास्थेनीसच्या वृत्तान्तावरून स्ट्राबोनें पाटलिपुत्राच्या नगराधिकाऱ्यांचे सहा वर्ग दिले आहेत. त्यांतील एका वर्गाकडे परदेशीयांची व्यवस्था होती: त्यांस उतारा द्यावा, बरोबर माणसें देऊन त्यांच्या वागणुकीवर लक्ष ठेवावें, जातांना पोंचवावें, आजारी पडल्यास शुश्रूषा करावी, मेल्यास पुरावें व त्यांची चीजवस्त आप्तांकडे पाठवावी. अर्थशास्त्र सबंध मौर्यकालीन आहे कीं त्यांत पुढील शतकांची भर आहे, हा वाद मिटलेला नाहीं आणि येथें त्यांत शिरण्याचें प्रयोजनही नाहीं. ग्रीक वृत्तान्त व संस्कृत ग्रंथ एकमेकांशीं तंतोतंत जुळत नाहींत. पण नजर ठेवणें आणि काळजी घेणें हीं दोन्ही कामें दोघांनींही एकाच जागीं ठेवलीं आहेत.

शास्त्रांतील ही विभागणी व्यवहारांत लोकांस परिचित होती काय? याचें उत्तर नाटकांत मिळतें. तेलंगांनीं १८८४ सालीं मुंबई संस्कृत मालेंत संपादिलेलें मुद्राराक्षस आपल्यापैकीं पुष्कळांच्या कपाटांत असेल. त्याच्या पांचव्या अंकांत मलयकेतूची छावणी कुसुमपुराच्या जवळ आलेली आहे, म्हणून मुद्रेवांचून कोणीही आंत येऊं वा बाहेर जाऊं नये असा नियम झाला आहे. मुद्रा देण्याचें काम भागुरायणाकडे. क्षपणक त्याच्याकडे मुद्रा मागावयास येतो, तेव्हां भागुरायण त्यास जाण्याचें कारण विचारतो, आणि त्या एका प्रश्नापासून निघालेलें बोलणें मलयकेतूचें राक्षसाविषयींचें मन कायमचें फिरवितें. इकडे सिद्धार्थक मुद्रा न घेतां निघतो, आणि त्यास पकडतात ते भागुरायण नव्हे, तर चौकीवरचे गुल्माधिकारी. येथेंही देणारा निराळा, पकडणारा निराळा. गंमत अशी कीं, भागुरायण, क्षपणक व सिद्धार्थक हे तिघेही चाणक्याचे हस्तक आहेत. फितूर नाहींत ते चौकीवरचे पहारेकरी. त्यांनीं आपलें काम चोख बजावलें म्हणूनच चाणक्याचा डाव साधतो. महाभारतांतही शाल्वानें द्वारकेस वेढा घातला त्या प्रसंगीं मुद्रेवांचून जाणेंयेणें बंद केल्याचा उल्लेख वनपर्वांत आहे. हे दोन्ही प्रसंग युद्धकाळचे आहेत, हें ध्यानांत ठेवावें. नित्याच्या शांततेंत इतका कडकपणा कितपत चालत असे, हा प्रश्न निराळा.

आतां आपल्या दप्तरांकडे वळूं. मराठी कागदांत मुद्रेची जागा दस्तकानें घेतली आहे. दस्त म्हणजे हात, त्यावरून दस्तक. फारसी अमलांतून हा शब्द आपल्याकडे आला. राहदारीच्या दस्तकांत सामान्यतः जाणाऱ्याचें नांव, बरोबरचीं माणसें व जनावरें आणि कोठून कोठें जावयाचें हें लिहिलेलें असतें. वाटेवरील चौकीदारांस व जकातदारांस उद्देशून ‘मुजाहीम न होणें’ अशी ताकीद असते. हा कागद प्रवाशाच्या हातीं असला तरी बोलतो तो अधिकाऱ्याशीं. शिवाजीमहाराज १६६६ सालीं आग्र्यास अडकले असतां त्यांनीं आपल्या बरोबरच्या लोकांस दक्षिणेंत परत धाडण्यासाठीं बादशहाकडून परवाने मिळविले, हें जयपूर दप्तरांतील राजस्थानी पत्रांवरून कळतें. बंदिवानाचें बळ घटतें आहे असें बादशहास वाटलें असावें. इकडे महाराजांचीं माणसें सरकारी शिक्क्यानिशीं सुखरूप बाहेर पडत होतीं. चौकीवर कागद पाहणाऱ्यांचा यांत कांहीं दोष नव्हता. कागद खरा होता.

या संबंधांत आजची व्यवस्था थोडक्यांत सांगितली पाहिजे. भारतीय नागरिकास पासपोर्ट देणें हें परराष्ट्र मंत्रालयाचें काम आहे आणि त्यास आधार १९६७ च्या कायद्याचा. त्याच सालीं सर्वोच्च न्यायालयानें परदेशीं जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यांत मोडतो असा निर्णय दिला, त्यानंतर हा कायदा झाला. मुद्रा ही राजाची मर्जी होती, पासपोर्ट तसा राहिलेला नाहीं, हा फरक मोठा आहे. परदेशीयास व्हिसा सामान्यतः त्याच्याच देशांतील आपला वकिलात-कारभार देतो. विमानतळावर किंवा बंदरांत जो कागद पाहतो व शिक्का मारतो, तो गृहमंत्रालयाच्या हाताखालील इमिग्रेशन ब्यूरोचा अधिकारी. हें खातें १९७१ सालीं स्थापन झालें. पासपोर्ट अस्सल आहे कीं नाहीं, तो बाळगणारा तोच माणूस आहे कीं नाहीं, व्हिसा ज्या कामासाठीं दिला त्याच कामासाठीं हा आला आहे कीं नाहीं, हें तो पाहतो. ‘कशासाठीं आलांत?’ हा त्याचा प्रश्न उद्धटपणाचा वाटून पुष्कळ लोक चिडतात. पण तो भागुरायणाचाच प्रश्न आहे. जातांना एखाद्यास थांबविलें गेलें, तर थांबविण्याची मागणी बहुधा एखाद्या तपासयंत्रणेची किंवा न्यायालयाची असते. चौकीवरचा अधिकारी ती अमलांत आणतो. तशा माणसानें दाद मागावयाची ती आदेश देणाऱ्याकडे, आणि हें न कळल्यामुळें लोकांचे महिने वायां जातात. परदेशीं मजुरीस जाणाऱ्या अल्पशिक्षितांच्या संरक्षणार्थ १९८३ च्या कायद्यान्वये निराळे अधिकारी नेमले गेले. त्यांचें काम विवीताध्यक्षाच्या सार्थरक्षणाची आठवण करून देणारें आहे. १९२०, १९३९, १९४६ व २००० या सालांचे चार कायदे रद्द करून त्यांच्या जागीं परदेशीयांसंबंधीं एकच कायदा २०२५ च्या सप्टेंबरपासून लागू झाला, परंतु खात्यांची वांटणी त्यानें मोडलेली नाहीं.

आपल्या मंडळींस याचा प्रत्यक्ष संबंध दोन ठिकाणीं येतो. पहिला पोथ्यांचा. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणें शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असलेलें हस्तलिखित ७५ वर्षांचें झालें कीं तें पुरावस्तु ठरतें. इतर वस्तूंस ही मर्यादा १०० वर्षांची आहे. अशी पोथी खाजगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. ती सामानांत सांपडल्यास ज्याच्याशीं गांठ पडते तो सीमाशुल्काचा अधिकारी, म्हणजे आजचा शुल्काध्यक्ष. पासपोर्टावर शिक्का मारणाऱ्यास तिच्याशीं कर्तव्य नाहीं. पासपोर्टावर शिक्का पडला म्हणजे सामानही मोकळें झालें, असें मानून चालणाऱ्याची पोथीही जाते आणि वर खटलाही उभा राहतो. पोथी तितकी जुनी नाहीं असें वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला आधीं काढून ठेवावा. विमानतळावर लिपीच्या वळणावरून वाद घालण्यांत अर्थ नाहीं. दुसरा संबंध परदेशी अभ्यासकांचा. संस्थेच्या अतिथिगृहांत परदेशी पंडित उतरला तर चोवीस तासांच्या आंत त्याची वर्दी नोंदणी-अधिकाऱ्यांकडे जावयास हवी. ही वर्दी न गेल्यानें पुढें अडचणींत येतो तो पाहुणा, आणि बिचाऱ्यास त्याचें कारणही उमगत नाहीं. गोपाचे तीन पण आतां राहिले नाहींत. दंड बराच वाढला आहे.

संग्राहकांस एक विनंति आहे. रुमालांतील असे कागद प्रसिद्ध करतांना सर्वांस ‘परवाना’ असें एकच नांव देण्यांत येतें. वस्तुतः त्यांत निदान तीन प्रकार आहेत. राहदारीचें दस्तक माणसाच्या जाण्यायेण्यासाठीं. जकातमाफीचा कागद मालासाठीं. आणि कौल हा बाहेरच्यास येऊन वसण्याचें अभय व सवलत देणारा. नव्या पेठेस दिलेला कौल म्हणजे राज्यानें परमुलखांतील माणसास स्वतः बोलावणें होय, आणि दस्तकाशीं त्याची गल्लत केली तर राज्याचें धोरण नेमकें उलटें दिसूं लागतें. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनीं सारांश न छापतां मायना, कोणकोणत्या अधिकाऱ्यांस उद्देशून तो आहे ती यादी, चंद्र व सुहूर सन, शिक्का आणि पाठीवर कांहीं शेरा असल्यास तो, हें सर्व जसेंच्या तसें छापावें. कागद कोणी दिला आणि वाटेंत कोणी पाहिला, हें त्याच खुणांवरून कळतें.