गवत्याचं पोट आणि तळ्याचं गणित

उन्हाळ्याच्या तोंडावर पिंपरी-चिंचवडमधली पवना नदी जलपर्णीनं गच्च झाकते, महापालिका ती काढायला माणसं आणि यंत्रं उतरवते, आणि कुणीतरी विचारतंच: गवत खाणारा मासा सोडून का बघत नाहीत?

असा मासा आहे, आणि तो विलक्षण आहे. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प. मूळचा आमूर खोरं आणि चीनकडचा. १९५९ मध्ये हाँगकाँगहून भारतात आला. आज शेततळ्यांत रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांसोबत त्याचीही सोडतात. त्याला जठरच नसतं! घशातल्या करवतीसारख्या दातांनी तो पाला कातरतो, आणि कोमट पाण्यात दिवसाकाठी जवळपास स्वतःच्या वजनाइतका खातो. मात्र त्याची आवड ठरलेली. पाण्याखालची लुसलुशीत हायड्रिला मिळाली, तर जलपर्णीच्या चिवट पानांच्या वाटेला तो जात नाही.

हायड्रिलानं भरलेल्या तळ्यात मात्र तो काय करील, हे समीकरणांत मांडून पाहिलं की थक्क व्हायला होतं. गवत विरळ असताना हळू वाढतं, मध्यम असताना झपाट्यानं, आणि दाटी झाली की पुन्हा मंदावतं. म्हणजे वाढीचा आलेख टेकडीसारखा. मासे किती खातात, ती रेषा आधी चढते आणि पोटं भरली की सपाट होते. मासे वाढवत गेलं तरी बराच काळ गवत थोडं घटून सावरतं. मग आणखी मोजकेच मासे पडतात, खाण्याची रेषा टेकडीच्या माथ्यावरून जाते, आणि गवत थेट शून्याकडे घसरतं. तेवढेच मासे परत काढले तरी ते सावरत नाही, कारण विरळ गवताची वाढ उरलेल्या माशांनाही पुरत नाही. चरणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत असे उंबरठे असतात, हे परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मे यांनी १९७७ मध्ये उलगडून दाखवलं होतं.

प्रत्यक्षातही असं घडलं आहे. अमेरिकेत टेक्ससमधल्या कॉनरो तलावात १९८१-८२ मध्ये सुमारे २ लाख ७० हजार गवत्ये सोडले. १९८३ संपण्याआधी पाण्याखालचं सगळं गवत गेलं, आणि शेवाळ वाढून पाणी गढुळलं. खाल्लेल्या पाल्यातला मोठा भाग न पचताच विष्ठेतून पाण्यात उतरतो. गवतात अडकलेलं खत असं मोकळं होतं. साचलेल्या पाण्यात गवत्याची वीण होत नाही, त्यामुळे संख्या आपल्या हातात असते, पण ती आधीच अचूक ठरवावी लागते. सोडलेला मासा वर्षानुवर्षं जगतो आणि जाळ्यात सहज येत नाही.

पवनेसाठी असं गणित मांडायचं, तर सुरुवात नाल्यांपासून करावी लागेल. सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस हाच तिथला खुराक आहे, आणि त्यावर जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते.