मृतसाठ्यातले गाव

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जो पसारा मांडलेला असतो, त्यात पुस्तके शोधण्याची मला विद्यार्थिदशेपासून सवय आहे. मागील हिवाळ्यात अशाच एका रविवारी गंजलेली कुलुपे, पितळी नळ आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या शेजारी सागवानी चौकटीत बसविलेले एक जलरंगातील चित्र दिसले. काचेला तडा गेला होता. खालचा कोपरा ओल लागून तपकिरी झाला होता आणि चित्रकाराची सही त्या ओलीतच विरून गेली होती. विक्रेत्याने चारशे रुपये सांगितले व पुढे म्हणाला, "साहेब, चौकट अस्सल सागाची आहे. चित्र नको असेल तर काढून देतो."

चित्र काढले तर किंमत किती कमी होईल, असे मी विचारले. "चित्राचं वेगळं काय धरायचं?" असे त्याचे उत्तर आले. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला बाजाराचा इतका स्वच्छ निवाडा क्वचितच ऐकावयास मिळतो. मी चारशे रुपये मोजले, कारण चित्रातील देवळाचे शिखर माझ्या ओळखीचे होते.

ते इंदापूर तालुक्यातील पळसदेवच्या पळसनाथाचे देऊळ होते. भीमेच्या काठचे हे जुने गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. नवे पळसदेव पुणे-सोलापूर महामार्गालगत वसले. देऊळ मात्र जागेवरच राहिले. पाणी ओसरले की ते वर येते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास घसरला, तेव्हा ते पाहण्यास लोटलेल्या गर्दीत बारामतीहून आलेला मीही होतो. भेगाळलेल्या गाळातून चालत जाऊन आम्ही छायाचित्रे काढली आणि परतलो. चित्रातील देऊळ तेच, पण भोवतीचा प्रदेश वेगळा होता. तेथे गाळ नव्हता. झाडे होती, घरांच्या माळवदांची रांग होती आणि खाली भीमेचे वाळवंट पसरले होते.

'उणे साठ टक्के' म्हणजे काय, असा प्रश्न माझे विद्यार्थी दर उन्हाळ्यात विचारतात. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. पैकी सुमारे ६३ टीएमसी, म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी, मृतसाठा म्हणून गणले जाते. टक्केवारी काढली जाते ती वरच्या उपयुक्त साठ्याची. पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरले की आकडा उणे होतो. धरण शून्यावर आले, असे आपण वृत्तपत्रांत वाचतो, तेव्हाही त्या शून्याच्या खाली एक मोठा जलाशय उरलेला असतो. आणि त्या जलाशयाच्या तळाशी गावे असतात. माझ्या चित्रात जे जे दिसते, त्यातील बहुतेक सारे हिशेबाच्या या शून्याखालचे आहे.

चित्र घरी आणल्यावर एका सहकाऱ्याच्या मातोश्रींना दाखविले. त्या लग्न होऊन पळसदेवला आल्या आणि काही वर्षांतच गावासह उठल्या. देऊळ पाहून त्या गहिवरतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी देवळाकडे फारसे पाहिलेच नाही. चश्मा पुसून त्यांनी चित्राच्या डाव्या कडेवर बोट ठेवले. तेथे दोन कुंपणांमधून नदीकडे उतरणारी एक तपकिरी रेघ होती. "देऊळ काय सर, पाणी उतरलं की अजून दिसतं. ही पाणंद बघा. ही आता कुठंच नाही." मग बोट वाळूतील हिरव्या ठिपक्यांवर सरकले. मी त्यांना झुडपे समजत होतो. "ह्या कलिंगडाच्या वाड्या. ज्यांना रान नव्हतं, ती माणसं उन्हाळ्यात वाळूत खड्डे घेऊन लावायची. पोरांना फुकट मिळायची."

त्या ठिपक्यांविषयी तेव्हापासून मी विचार करीत आहे. इंदापूर हा काही मोजमापाला अपरिचित असलेला तालुका नव्हे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विन्गेट या अधिकाऱ्यांनी येथेच जमिनीची नव्याने मोजणी करून, मातीची प्रतवारी लावून सारा ठरविला, आणि पुढे मुंबई इलाख्यातील सारापद्धती याच नमुन्यावर उभी राहिली. कागदाचा वचक काय असतो, हेही या भागाने अनुभवले आहे. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर जो उठाव केला आणि जो दख्खनच्या दंग्यांचा आरंभ ठरला, त्यात लोकांचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर होता. कागदावर जे आहे ते भोगावे लागते, हे त्यांना कळले होते.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: कागदावर जे नाही, त्याची भरपाई कोणी मागू शकत नाही. त्या काळी भूसंपादन १८९४ च्या कायद्याने होत असे. जमीन, विहीर, घर, झाड यांचे मोल ठरे आणि ज्याचे नाव उताऱ्यावर असे, त्याला ते मिळे. ते मोल पुरेसे होते काय, हा वाद निराळा. पण नदीचे पात्र कायद्याने सरकारचे. वाळूतील वाडीला सातबारा नाही. पाणंद सर्वांची, म्हणून कोणा एकाची नाही. उतारावरून पलीकडच्या गावी जाण्याची सोय, पात्रालगतचे चराऊ कुरण, घाटावरची सावली या वस्तूंना बाजारभाव नव्हता. म्हणून त्या बुडाल्या तरी हिशेबाच्या दृष्टीने काहीच बुडाले नाही. आणि अशा बिनमालकीच्या वस्तूंवरच भूमिहीनांचा संसार अधिक अवलंबून असतो. जुन्या बाजारातला विक्रेता आणि सरकारी मूल्यांकन यांचा न्याय शेवटी एकच होता. चौकटीचे पैसे, चित्राचे वेगळे काय धरायचे?

येथे कोणी म्हणेल की, प्राध्यापक महाशय धरणाविरुद्ध बोलत आहेत. तसे नाही. उजनीच्या पाण्याने सोलापूर जिल्ह्याचे आणि इंदापूरच्या काठावरील गावांचे रूप पालटले. ऊस आला, साखर कारखाने चालले, भिगवणच्या बाजारात चिलापी येऊ लागली, कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरू लागले. ज्या साखरपट्ट्याच्या आधाराने आमची महाविद्यालये उभी राहिली, त्याच पट्ट्यात मी वेतन घेतो. नफा खरा आहे. परंतु ताळेबंदाची एक बाजू पूर्ण लिहून दुसरी अर्धीच लिहिली, तर तो ताळेबंद खोटा ठरतो, एवढे तर वाणिज्य शाखेचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, हे स्तुत्यच होते. परंतु पुनर्वसनात घराला प्लॉट मिळतो, पाणंदीला मिळत नाही.

चित्र हा पुरावा मानावा काय, हीही शंका रास्त आहे. चित्रकार नको ते गाळतो, हवे ते जवळ आणतो. माझ्या चित्रातील शिखर प्रत्यक्षाहून थोडे उंच असावे, असा मला संशय आहे. पण कोणताही दस्तऐवज इतर दस्तऐवजांशी ताडूनच वाचावयाचा असतो. या चित्राचे मोठेपण असे की, ज्याची नोंद करण्याचे कोणाचेही कर्तव्य नव्हते, त्याची नोंद ते सहज करून जाते. तलाठ्याने वाडी लिहिली नाही. चित्रकाराने हिरव्या रंगाचे चार ठिपके दिले.

अशी चित्रे टिकतात ती मात्र बहुधा धन्याच्या बळावर. १७९० नंतरच्या दशकात पुण्याच्या गंगाराम तांबट या चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली, ती पेशव्यांच्या दरबारी असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात सुरक्षित आहेत. आपल्या गावोगावच्या शाळांतील चित्रकला शिक्षकांना असा धनी कोठून मिळणार? रविवारी नदीकाठी बसून त्यांनी रंगविलेली देवळे, पूल आणि आठवडी बाजार घराच्या भिंतीवर एक पिढी राहतात. मग घर नव्याने बांधले जाते, दिवाळीची आवराआवर होते आणि चित्र चौकटीच्या भावाने भंगारात जाते. माझे चित्रही कदाचित अशाच एखाद्या शिक्षकाचे असेल.

यावर उपाय खर्चिक नाही. १९६७ च्या कायद्यानुसार अनुदान घेणारी ग्रंथालये आज गावोगावी आहेत. त्यांनी परिसरातील घरांमधून अशी जुनी चित्रे आणि छायाचित्रे मागवावीत, त्यांची प्रत करून मूळ चित्र मालकाला परत द्यावे आणि प्रतीखाली जाणत्या माणसाकडून तपशील लिहून घ्यावा. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी आपण दरवर्षी विषय शोधत असतो. 'घरातील एक जुने चित्र आणि आजीने त्यात ओळखलेल्या पाच गोष्टी' हा विषय कोणत्याही छापील प्रश्नावलीपेक्षा अधिक शिकवून जाईल. घाई मात्र केली पाहिजे. चित्र एखादे वेळी बाजारात सापडेल. त्यातील पाणंद ओळखणारे डोळे सापडणार नाहीत.

माझ्या चित्राची काच मी बदलून घेतली आहे. चौकट तीच आहे. मागच्या बाजूस एक कागद चिकटवून त्या माउलींनी सांगितलेली नावे लिहिली आहेत: पाणंद, उतार, वाड्या, चिंच, धुण्याचा खडक. त्या पुन्हा आल्या की आणखी काही सांगतील, म्हणून कागदाचा अर्धा भाग मुद्दाम कोरा ठेवला आहे.